सांगलीत राहून आवाजाचं काम : सहा वर्षांचा हिशेब

"आवाज चांगला आहे असं सगळे म्हणतात, डबिंगमध्ये कसं शिरायचं?" हा प्रश्न हल्ली मला ओळखीच्या आणि अनोळखी अशा दोन्हींकडून येतो. फोनवर सांगायला बसलं की तास जातो आणि निम्मं राहतंच. म्हणून एकदाच लिहून ठेवतेय. मी मुंबईची नाही, सिनेमावाल्या कुणाची नातेवाईक नाही. "खात्यातील शिल्लक जाणून घेण्यासाठी दोन दाबा" असं फोनवर सांगणाऱ्या बायका असतात ना, त्यांतली एक मी. एका कर सल्लागारांच्या ऑफिसात कित्येक वर्षं काढल्यामुळे आकडे टिपून ठेवायची खोड आहे, ती इथेही दिसेल.

सुरुवात २०१९च्या ऑक्टोबरात. आकाशवाणीची नैमित्तिक उद्घोषकांसाठी, म्हणजे बोलीभाषेत कॅज्युअल अनाउन्सरसाठी, जाहिरात आली होती. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथे मराठी नाटकाचा पाया घातला त्या गावात राहत असल्यामुळे गल्लीत एकतरी नट सापडतोच. आमच्या गल्लीत ती मी होते. राज्य नाट्य स्पर्धेच्या हौशी गटात थोडीफार कामं केली होती, बक्षिसं नाहीत. अर्जाला पदवीचं प्रमाणपत्र, दहावीचा दाखला, रहिवासाचा पुरावा, फोटो आणि शुल्क एवढं लागलं. रहिवासाचा पुरावा महत्त्वाचा, कारण केंद्राच्या परिसरातलेच उमेदवार घेतात. आधारवर माहेरचा पत्ता असेल तर तो आधी बदलून घ्या, जाहिरात आल्यावर तेवढा वेळ मिळत नाही.

आधी लेखी परीक्षा. साहित्य, संगीत, चालू घडामोडी, शेती, जिल्ह्याची माहिती, सगळ्यांतलं थोडं थोडं. मग फेब्रुवारी २०२०मध्ये आवाजाची चाचणी. नावाऐवजी क्रमांकानं बोलावलं, हातात एक कागद दिला, वाचायला मिनिटभर. त्यात मुद्दाम पेरलेले शब्द असतात : चोर आणि चरित्र, जर आणि जन्म, झाड आणि झेंडा. च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार तोंडात पक्के नसतील तर तिथेच कळतं. शिवाय ण, ळ आणि जोडाक्षरं. माझं माहेर तासगावकडचं, घरात 'पानी' म्हणणारी माणसं जास्त, त्यामुळे मी दोन महिने रोज वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्यानं वाचत होते. आमच्या आत्या (म्हणजे सासूबाई, आमच्याकडे आत्याच म्हणतात) स्वयंपाकघरातून "परत म्हण" असं ओरडायच्या. त्यांचे उच्चार माझ्यापेक्षा स्वच्छ आहेत.

मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि सगळंच थांबलं. मधल्या काळात मी इथल्या एका छोट्या स्टुडिओत पडेल ते काम केलं. छोट्या गावातलं आवाजाचं काम म्हणजे काय ते बाहेर फारसं कुणाला माहीत नसतं, म्हणून सांगते : साड्यांचे सेल, सराफांचे वर्धापनदिन, शाळांचे प्रवेश, आणि रिक्षावर भोंगा लावून फिरवायच्या घोषणा. जानेवारी २०२१मध्ये राज्यभर ग्रामपंचायतींच्या निवडणुका होत्या. एकाच गावच्या एकाच वॉर्डातल्या दोन्ही पॅनेलच्या घोषणा माझ्याच आवाजात फिरत होत्या, आणि कुणाचीही तक्रार आली नाही. एका घोषणेचे चारशे रुपये, रोख, पावती नाही. पण पंधरा सेकंदांत उमेदवाराचं नाव, चिन्ह, वॉर्ड आणि "प्रचंड बहुमतांनी" कसं बसवायचं हे तिथे शिकले, आणि ते पुढे जाहिरातीत कामाला आलं.

आकाशवाणीचं 'वाणी' प्रशिक्षण २०२१च्या उत्तरार्धात झालं. ते झाल्यावर ड्युटी. त्याआधी एक हमीपत्र द्यावं लागतं : हे काम नैमित्तिक आहे, कायम नोकरीवर हक्क सांगणार नाही. ते वाचून काहीजण हिरमुसतात, पण महिन्याला जास्तीत जास्त सहा ड्युट्या हे आधीच स्पष्ट असतं. पोट भरायला कुणी तिथे जाऊ नये. शिकायला जावं. घड्याळाकडे बघत बोलणं, चुकलं तरी न अडखळता पुढे जाणं, कागदाचा आवाज न करता पान उलटणं, रेकॉर्डिंगची नोंद लिहिणं हे दुसरीकडे पैसे भरूनही इतकं नीट शिकवत नाहीत. आमच्या घरात 'पुन्हा प्रपंच'मधले टेकाडे भावजी म्हणजे बाळ कुडतरकर यांचं नाव आजही निघतं. कसलंही चित्र नसताना त्या आवाजांनी मुंबईतलं एक अख्खं घर उभं केलं होतं. तसं काही आमच्या हातून होत नाही, आम्ही आपले पुढच्या गीताचे गायक सांगतो. पण माइकची भीती जाते ती कायमची.

जून २०२२मध्ये डेमो करून घेतला. कोल्हापूरच्या स्टुडिओत दोन तास, साडेतीन हजार रुपये. डेमो म्हणजे तुमच्या आवाजाचा नमुना. एकच लांबलचक फाइल करण्यापेक्षा तीन वेगळ्या करा : जाहिरात, निवेदन, पात्रं. प्रत्येक मिनिटाच्या आत. पहिल्या आठ-दहा सेकंदांतच ऐकणारा ठरवतो, तेव्हा सुरुवातीला संगीत वाजवत बसू नका, थेट बोला. "नमस्कार, मी अमुक तमुक" अशी ओळखही आत नको, ती फाइलच्या नावात लिहा. गाजलेल्या जाहिरातीचा मजकूर घेऊ नका, कारण ऐकणाऱ्याच्या कानात मूळ आवाज असतो आणि तुलना तुमच्या विरुद्धच जाते. मी माझे मजकूर स्वतः लिहिले : खताची जाहिरात, आरोग्य खात्याच्या माहितीपटासारखा एक परिच्छेद, आणि भांडणाऱ्या दोन जावा.

डेमो पाठवायला लागल्यावर ध्यानात आलं की निम्म्या लोकांचा पहिला प्रश्न एकच असतो : घरी सेटअप आहे का? लॉकडाऊननंतर हा बदल पक्का झाला. म्हणून ऑगस्टमध्ये खरेदी केली. माइक ९,८००, ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारी पेटी) ११,२००, हेडफोन ४,५००, स्टँड आणि पॉप फिल्टर मिळून १,९००. एकूण २७,४०० रुपये. सॉफ्टवेअर ऑडॅसिटी, ते फुकट आहे आणि निवेदनाच्या कामाला पुरतं. पॉप फिल्टर न घेता पैसे वाचवू नका; फ, भ, ख असे हवा सोडणारे वर्ण मराठीत इतके आहेत की दर वाक्याला माइकवर फुंकर बसते.

माइकपेक्षा खोली अवघड. जिना चढताना डाव्या हाताला आमची अडगळीची खोली होती, सहा बाय पाच फूट, खिडकी नाही. तिच्या तीन भिंतींवर आईनं शिवलेल्या वाकळा टांगल्या, दारावर आणि छताला घोंगडी. फोमच्या चौकोनी तुकड्यांपेक्षा जाड घोंगडी कितीतरी बरी, फक्त पावसाळ्यात लोकरीचा वास सहन करावा लागतो. तपासायची रीत सोपी आहे : अर्धा मिनिट गप्प बसून रेकॉर्ड करायचं आणि शांततेची पातळी उणे साठ डेसिबलच्या खाली येते का पाहायचं. ऑडिओबुकवाले साधारण हीच मर्यादा मागतात. पंखा बंद. एप्रिलमध्ये वीस मिनिटांवर आत बसवत नाही, मग बाहेर येऊन घाम पुसायचा, पाणी प्यायचं, परत आत. फ्रीजचा प्लग काढावा लागतो. काढलेला प्लग परत लावायची आठवण राहावी म्हणून घराची किल्ली फ्रीजमध्ये ठेवायची ही युक्ती कुठल्याशा परदेशी कलाकारानं सांगितलेली, आमच्याकडे दुधाच्या पातेल्याशेजारी असते.

आणि ऊस. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत कारखान्यांचा हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्री उशिरापर्यंत जातात आणि प्रत्येकावर मोठ्यानं गाणी लागलेली असतात, चालकाला झोप येऊ नये म्हणून. घोंगडीचं त्यापुढे काही चालत नाही. हंगामात माझी वेळ पहाटे तीन ते साडेपाच. साडेपाचला कोंबडे, सहाला नळ. पाल चुकचुकली तर तो टेक गेला, त्यावर उपाय नाही.

पहिलं घरून केलेलं काम नोव्हेंबर २०२२मध्ये आलं : एका कंपनीच्या कामगारांसाठी सुरक्षेचे धडे. "हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली घट्ट बांधावा." अशी चाळीस मिनिटं. या जातीच्या कामाला ई-लर्निंग म्हणतात आणि त्याविषयी कुणी बोलत नाही, कारण त्यात मिरवण्यासारखं काही नाही. माझं घर मात्र त्यावर चालतं. यात त्यांना तीन गोष्टी हव्या असतात. आज बोललेला आवाज तीन आठवड्यांनी दुरुस्तीच्या वेळी तसाच लागला पाहिजे. त्यासाठी माइकपासूनचं अंतर, इंटरफेसवरचा आवाजाच्या पातळीचा आकडा आणि दिवसाची वेळ वहीत लिहून ठेवा. फाइल त्यांनी सांगितलेल्या नावानं आणि सांगितलेल्या स्वरूपात गेली पाहिजे, बहुतेक वेळा ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह. आणि मराठी मजकुरातली भाषांतराची चूक तुम्ही वाचण्याआधी पकडून कळवली पाहिजे. हे तिसरं त्यांनी मागितलेलं नसतं, पण परत काम येतं ते त्याच्यामुळे. दुरुस्तीचा दर आधीच ठरवा : माझी चूक असेल तर फुकट, मजकूर बदलला तर वेगळे पैसे.

मुंबईला डिसेंबर २०२२पासून जायला लागले. रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस, सकाळी दादर, तिथून पश्चिम मार्गाची लोकल धरून अंधेरी. डबिंगचे बरेचसे स्टुडिओ अंधेरी पश्चिमेला, आराम नगर, वर्सोवा, ओशिवरा, वीरा देसाई रोड या पट्ट्यात आहेत, काही गोरेगाव-मालाडकडे. मेट्रोनं वर्सोव्यापर्यंत जाता येतं, ओशिवऱ्याला लोअर ओशिवरा हे स्टेशन बरं. न सांगता दारात उभं राहू नका. प्रत्येक स्टुडिओत को-ऑर्डिनेटर, म्हणजे कलाकारांना कामाला बोलावणारी माणसं, असतात, त्यांना मेसेज करायचा : नाव, आवाजाचा वयोगट (स्वतःचं वय नव्हे), भाषा, बोली, डेमोची लिंक, आणि "अमुक तारखांना मुंबईत आहे". हे शेवटचं बाहेरगावच्यांनी लिहिलंच पाहिजे. बहुतेकांचं उत्तर येत नाही. दोन-तीन महिन्यांनी परत, तितकाच छोटा मेसेज.

याच फेऱ्यांत एका संस्थेनं मला बसवून चहा पाजला आणि पासष्ट हजारांचा कोर्स, वर डबिंगचं काम मिळवून द्यायची हमी, असं सांगितलं. हमी लेखी द्याल का विचारल्यावर चहा आवरता घेतला गेला. शिकण्यासाठी पैसे द्यायला हरकत नाही, मी स्वतः एका अनुभवी कलाकाराच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेला चार हजार भरले आणि ते वसूल झाले. काम मिळण्यासाठी मात्र कुणाला पैसे द्यायचे नसतात. संघटनेचं कार्ड हा वेगळा विषय आहे : आवाज कलाकारांची संघटना सिने कामगारांच्या पश्चिम भारतातल्या महासंघाशी जोडलेली आहे, आणि डबिंग नियमित करायचं ठरलं की सभासद होण्याची चौकशी तिच्या कार्यालयातच करावी, मधल्या माणसाकडे नाही.

मार्च २०२३मध्ये पहिला कॉल आला. तेलुगू चित्रपटाचं मराठी डबिंग, आणि मला काम 'क्राउड'चं, म्हणजे गर्दीतले आवाज. आम्ही सहाजण एका माइकभोवती उभे. आधी जत्रेतली माणसं, मग पळणारी माणसं, मग प्रेताभोवती रडणारी माणसं. रडण्याचे चार टेक झाले. बाहेर काचेपलीकडे डबिंग दिग्दर्शक आणि रेकॉर्डिस्ट, त्यांच्यासमोर डबे उघडलेले. "ताई, तुमचं रडणं जरा जवळच्या नातेवाइकाचं होतंय. शेजारीण करा." हे मला आजतागायत मिळालेलं सगळ्यात नेमकं दिग्दर्शन आहे. दिवसाचे पंधराशे रुपये, व्हाउचरवर सही, पैसे तीन महिन्यांनी.

पुढे छोट्या भूमिका आल्या. कानात मूळ भाषेतला पायलट ट्रॅक, समोर पडद्यावर चित्र आणि कोपऱ्यात धावणारा टाइमकोड (मिनिटा-सेकंदांचे आकडे), स्टँडवर मराठी संवाद. एकदा ऐकायचं, बघायचं, मग बोलायचं. ओठ मिटणारे वर्ण, प, ब, म, हे पडद्यावरच्या ओठांशी जुळले की बाकीचं बरंच खपतं. चांगला संवादलेखक ते लिहितानाच साधून देतो. वाईट लेखकाचं वाक्य तोंडात बसेपर्यंत तुमच्याच नावावर टेक वाढत जातात. बांगड्या, पैंजण, खळ घातलेला कॉटनचा ड्रेस, सळसळणारी ओढणी यांतलं काही घालून जाऊ नका. उपाशीही जाऊ नका, पोटातली गुरगुर माइक बिनचूक पकडतो. मी केळं खाते. तोंडातली चटचट घालवायला हिरवं सफरचंद चांगलं, ते गमतीनं सांगत नाही, स्टुडिओत अनेकांच्या पिशवीत असतं.

एक तक्रार करून घेते. "गावरान आवाज द्या" म्हणून मला बोलावतात आणि मी तासगावची बोली काढली की म्हणतात, एवढी नको. त्यांना हवी असलेली गावरान भाषा सांगलीची नसते, वऱ्हाडची नसते, कोकणातली तर नसतेच. ती फक्त डबिंगच्या खोलीत बोलली जाते. आंध्रातल्या खेड्यातली म्हातारी मराठीत कुठल्या जिल्ह्याची, हे एकदा ठरवून तरी टाका. पैसे मिळतात, मी बोलते.

आता कागदपत्रं. हा भाग कंटाळवाणा वाटला तरी सोडू नका.

पॅन आणि रद्द केलेला चेक यांची स्वच्छ स्कॅन फाइल मोबाइलमध्ये ठेवा. प्रत्येक कामाचं बिल क्रमांक घालून द्या, कामाच्या दिवशीच. मानधनावर दहा टक्के टीडीएस कापला जातो, म्हणजे पैसे देणारा आयकर आधीच कापून सरकारकडे भरतो; एका देणाऱ्याकडून वर्षाला ३० हजारांपर्यंत कापायची गरज नव्हती, १ एप्रिल २०२५पासून ती मर्यादा ५० हजार झाली. पॅन दिला नाही तर वीस टक्के. कापलेला टीडीएस आयकराच्या पोर्टलवर आपल्या नावावर दिसतोय ना ते दर तिमाहीला पाहा, कारण कापून न भरणारे महाभाग असतात. विवरणपत्र भरलं की जास्त कापलेला परत येतो. जीएसटीची नोंदणी सेवांसाठी वीस लाखांच्या उलाढालीपर्यंत सक्तीची नाही, तेव्हा "जीएसटी नंबर नसेल तर काम नाही" म्हणणाऱ्यांना हे शांतपणे सांगा. महाराष्ट्रात स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यांना व्यवसाय कर आहे, वर्षाला २,५०० रुपये, तो भरून टाका.

सगळ्यात उपयोगी ठरली ती उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची, नोंदणी. सरकारी पोर्टलवर फुकट होते, आधार आणि पॅन लागतं, पंधरा-वीस मिनिटं. फुकट म्हणजे खरोखर फुकट; शोधताना वर येणाऱ्या, हुबेहूब तशाच दिसणाऱ्या आणि पैसे मागणाऱ्या साइट सरकारी नाहीत. नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावेत असा कायदा आहे. १९६१च्या आयकर कायद्याचं कलम ४३बी(एच) १ एप्रिल २०२४पासून लागू झालं, त्यामुळे उशीर करणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजावटीत धरता येत नाही. एका कंपनीनं सात महिने माझे २२ हजार अडकवले होते. मी आर्जवं केली नाहीत. बिलाच्या तारखा, उद्यम क्रमांक आणि हे कलम एवढंच लिहून त्यांच्या लेखा विभागाला मेल केली. मार्चअखेर जवळ आली होती. आठवड्यात पैसे आले. मात्र नोंदणी काम करण्याआधीची हवी, भांडण झाल्यावर केलेली चालत नाही.

करारातली भाषा हल्ली बदलली आहे. २०२४च्या दिवाळीआधी मला वीस तासांची सुटी-सुटी वाक्यं वाचायचं काम देऊ केलं होतं, रक्कम चांगली, साठ हजार. करारात लिहिलं होतं की हा आवाज कुठल्याही माध्यमात, कायमस्वरूपी, कृत्रिम आवाज तयार करण्यासाठीसुद्धा वापरता येईल. दोन दिवस झोप आली नाही, कारण साठ हजार म्हणजे माझ्या पूर्ण वर्षाच्या डबिंगपेक्षा जास्त. मी मुदत पाच वर्षांची करा आणि वापर कुठे होणार ते लिहा एवढंच मागितलं. त्यांनी दुसरीला बोलावलं. तिला मी दोष देत नाही, तिची अडचण मला माहीत आहे. जुलै २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अरिजित सिंह यांच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या यंत्रणांविरुद्ध अंतरिम आदेश दिला, कॉपीराइट कायद्यात कलाकारांचे हक्क ३८व्या कलमापासून आहेत. पण प्रसिद्ध गायकाचा आवाज ओळखता येतो. शिल्लक सांगणाऱ्या बाईचा आवाज चोरला गेला हे सिद्ध कोण करणार? म्हणून आता माझ्या प्रत्येक बिलाच्या तळाशी एक ओळ असते : हे रेकॉर्डिंग वर नमूद केलेल्या कामापुरतं आहे, कृत्रिम आवाज बनवण्यासाठी वापरायला परवानगी नाही. एकानं ती ओळ काढायला लावली. बाकीच्यांनी वाचली की नाही, कल्पना नाही.

२०२४-२५चा जमेचा आकडा ४,२६,००० रुपये. त्यात ई-लर्निंग आणि प्रशिक्षणपट १,७८,०००, ऑडिओबुक ९६,०००, फोनवरचे संदेश ५४,०००, डबिंग ४७,०००, जाहिराती ३३,०००, आकाशवाणी १८,०००. मुंबईच्या येण्याजाण्याचा, राहण्याचा खर्च ३८,०००, तो जवळपास सगळा डबिंगपायी. म्हणजे ज्या कामाबद्दल सगळे विचारतात त्यातून वर्षाला नऊ हजार उरले. तरी मी जाते, कारण सहाजणांनी एका माइकभोवती रडण्यात जी मजा आहे ती हेल्मेटच्या पट्ट्यात नाही. ऑडिओबुकचा दर तयार तासावर, म्हणजे शेवटी ऐकायला मिळणाऱ्या रेकॉर्डिंगच्या तासावर, मिळतो, आणि एक तयार तास करायला मला तीन-चार तास लागतात, हे दर ठरवताना लक्षात ठेवा.

कर सल्लागारांकडची नोकरी सोडलेली नाही. एप्रिल २०२४पासून अर्धवेळ केली आहे. साहेबांना विवरणपत्रांच्या दिवसांत पूर्णवेळ लागते आणि मला हंगामात पहाटेची, ते जमतं. तुमच्याकडे सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला नसेल तर सोडू नका, कारण काम झाल्यापासून पैसे येईपर्यंत दोन-तीन महिने सहज जातात. वरच्या आकड्यांतही मार्चचं एक बिल अजून यायचं आहे, साडेचार हजारांचं. ते मी धरलेलं नाही.